आधी पाणी, मग मासा



आज आपल्याशी समुद्राविषयी चार गोष्टी बोलायच्या आहेत. पण किनाऱ्यावरच्या समुद्राविषयी नव्हे. काचेच्या पेटीत, घराच्या पडवीत किंवा शाळेच्या वर्गात ठेवता येईल अशा समुद्राविषयी. आपल्यापैकी पुष्कळांनी गोड्या पाण्यातले सोनेरी मासे काचपेटीत पाहिले असतील. खाऱ्या पाण्यातले मासे मात्र सहसा मोठ्या मत्स्यालयातच दिसतात. मुंबईला तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले, आणि सहलीला गेलेल्या गावोगावच्या कितीतरी मुलांनी समुद्रातले रंगीत मासे जिवंत असे प्रथम तिथे पाहिले. परत येताना प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असायचा. हे आपल्याकडे ठेवता येईल का?

येईल. समुद्र दोनशे कोस दूर असला तरी येईल. पण त्यात एक मेख आहे. हा छंद मासे पाळण्याचा आहे असे वाटते. खरे पाहता तो पाणी पाळण्याचा आहे. ज्याला पाणी राखता आले, त्याचे मासे आपोआप राहतात. ज्याने आधी मासा आणला आणि मग पाण्याचा विचार केला, त्याचा मासा आठवड्यात पोटावर उलटा होतो, आणि दोष बिचाऱ्या दुकानदाराला मिळतो.

ही गोष्ट प्रथम कुणाच्या ध्यानात आली, ते ऐकण्यासारखे आहे. १८४६ साली इंग्लंडात ॲना थिन नावाच्या एका बाईने टॉर्की गावच्या किनाऱ्यावरून काही जिवंत पोवळी बरणीत घालून लंडनला नेली. लंडनला समुद्र नाही. ताजे समुद्राचे पाणी संपत आले, तेव्हा तिने मोलकरणीला एक काम लावून दिले. खिडकीशी उभे राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतत राहायचे. चहा निववतो ना, तसे. त्या धारेबरोबर हवा पाण्यात मिसळे आणि पोवळी जगत. पुढच्या वर्षी बाईने त्यात समुद्रशेवाळ घातले, आणि ओतण्याचे कष्ट कमी झाले. आज हवेचा पंप जे काम करतो, ते तेव्हा एका मोलकरणीच्या दोन हातांनी केले. तिचे नाव कुणी लिहून ठेवलेले नाही.

आता आपल्या पेटीकडे वळू. अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी पेटी घ्या. तीत सुमारे ११० लिटर पाणी मावते. म्हणजे पाण्याचेच वजन सव्वा मणाच्या नव्हे, क्विंटलाच्या वर झाले. तेव्हा डुगडुगते टेबल उपयोगी नाही. ओटा किंवा भक्कम चौकट हवी. पेटी लहान घेतली म्हणजे सोपे जाईल असे मानू नका. लोटाभर पाणी चटकन तापते, चटकन बिघडते. विहिरीला तशी घाई नसते.

मग मिठाचा प्रश्न येतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतला पाऊणएक हिस्सा आपले खायचे मीठ. उरलेल्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरेंचे क्षार. म्हणून वाण्याकडचे मीठ घालून भागत नाही. सर्व क्षार योग्य प्रमाणात असलेले मत्स्यालयाचे मीठ तयार मिळते, तेच घ्यावे. आपल्या पेटीला पावणेचार किलोच्या आसपास लागेल. पाणी शुद्धीकरण यंत्रातले असेल तर उत्तम. नळाचे असेल तर त्यातला क्लोरीन घालवूनच वापरावे. आणि एक लक्षात ठेवा. पिण्याचे पाणी आपण तांब्याच्या हंड्यात भरतो, ते चांगलेच. पण हे पाणी तांब्याला लागता कामा नये. माणसाला मानवणारे तांबे कोळंबी, गोगलगाय आणि पोवळे यांना विष आहे.

क्षार बरोबर झाले की नाही, ते कसे ओळखायचे? डेअरीवर दूध घालणाऱ्यांना दूध तपासायची तरंगती नळी ठाऊक आहे. तसलीच नळी खाऱ्या पाण्यासाठी मिळते. साधे पाणी एक धरले, तर समुद्राचे पाणी १.०२५ च्या आसपास भरते. पुढे रोज थोडे पाणी उडून जाईल. तेव्हा वरून काय घालायचे, खारे की गोडे? इथे नवखा हमखास फसतो. मिठागर आठवा. ऊन पाणी नेते, मीठ मागे ठेवते. पेटीतही तेच होते. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणीच घालायचे. शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रयोग पेटी नसतानाही करावा. ताटलीत मिठाचे पाणी उन्हात ठेवावे आणि मुलांना आधी विचारावे, संध्याकाळी ताटलीत काय उरेल?

पाणी झाले, मीठ झाले, तळाला वाळू आणि मध्ये सच्छिद्र दगड रचले, हवेचा आणि पाणी फिरवण्याचा पंप सुरू झाला. आता मासा आणायचा का? नाही. आता थांबायचे. चार ते सहा आठवडे, कधी आठसुद्धा.

कशासाठी? गोठा दोन दिवस झाडला नाही तर डोळ्यांना झोंबणारा वास येतो. तो अमोनिया. माशाच्या उत्सर्जनातून आणि कुजलेल्या अन्नातून पाण्यातही तोच तयार होतो. गोठ्याला दार असते, माशाला नसते. तो त्यातच श्वास घेतो. पण निसर्गात यावर तोड आहे. काही सूक्ष्म जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जंतू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते त्या मानाने पुष्कळच सौम्य. शेतकरी बंधूंना हे नवे नाही. तुमच्या जमिनीत शेणखताचे पिकाला घेता येईल असे अन्न होते, ते अशाच जंतूंच्या करणीने.

हे जंतू दगडाच्या आणि वाळूच्या पृष्ठावर वस्ती करतात. त्यांना वाढायला वेळ लागतो. दुधाला विरजण लावून कुणी लगेच रवी घालीत नाही. पेटीतही विरजणच लावायचे असते. चिमूटभर माशांचे खाद्य किंवा कोळंबीचा लहानसा तुकडा पाण्यात टाकायचा. जमल्यास जुन्या, निरोगी पेटीतला एखादा दगड आणून ठेवायचा. मग दर दोन दिवसांनी पाणी तपासायचे. थेंब टाकला की रंग बदलतो अशी तपासणीची औषधे मिळतात. आधी अमोनिया चढतो, मग उतरतो. त्यामागून नायट्राइट चढतो, तोही उतरतो. दोन्ही शून्यावर येऊन तिथेच टिकले म्हणजे विरजण लागले. १९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग या गृहस्थांनी लिहून दाखवले की, समुद्रातले जीवजंतूंनी भरलेले दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावरच पेटी उत्तम चालते. गुपित दगडातच होते.

एवढे झाल्यावर मासे आणावेत, तेही एकदम नाही. पहिल्यांदा दोनच. क्लाउन मासा नवख्याला बरा. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे. समुद्रात तो समुद्रफुलाच्या डंख मारणाऱ्या पाकळ्यांत निर्धास्त राहतो. पेटीत समुद्रफुलावाचूनही त्याचे अडत नाही. त्याची एक गंमत मुलांना सांगा. हे मासे आधी सगळे नर असतात. टोळीतला सर्वांत मोठा मादी होतो. ती गेली की दुसऱ्या क्रमांकाचा नर मादी होऊन तिची जागा घेतो. आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्रासारख्या ठिकाणी या माशांची पैदास झालेली आहे. तेव्हा हौसेसाठी समुद्रातून पकडलेला मासा कशाला? पैदास केंद्रात वाढलेलाच मागावा.

आता पोवळ्याचे, म्हणजे प्रवाळाचे. चित्रांतली पेटी प्रवाळांनी फुललेली असते, आणि मोह होतो. पण प्रवाळ हा दगड नव्हे, झाडही नव्हे. लहान लहान प्राण्यांची ती वसाहत आहे. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते आणि उजेडावर अन्न करून त्यांना पोसते. गोळ्यासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला एखादा सेंटीमीटर वाढते. हाताएवढा तुकडा मोडायला क्षण पुरतो. तो व्हायला आपल्या नातवाचे लग्न व्हावे लागते. आपल्या मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे. १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य झाले. विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचे नाव मिरवणारी आंग्रिया बँक पाण्याखाली आहे, तिथेही आहे. ही ठेव मोडू नये म्हणून रीफ बांधणारे सर्व प्रवाळ २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. समुद्रघोडाही तेव्हाच त्या यादीत घातला गेला. किनाऱ्यावर कुणी तुकडा विकायला आणला, मेलेला आहे म्हणाला, तरी घेऊ नका. भाजक्या मातीचे किंवा चुनखडीचे दगड रचा. जंतूंना तेवढे पुरते.

आपल्याकडे दोन शत्रू विशेष आहेत. एक उन्हाळा. या पेटीला २५ ते २७ अंश उष्णता मानवते. आणि विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात काय होते ते मी सांगायला नको. पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो. माठातले पाणी ज्या युक्तीने गार होते तीच इथे लावा. झाकण काढून पाण्याच्या पृष्ठावर पंखा सोडा. पाणी उडते आणि दोनतीन अंश उतरते. मात्र फार तापणाऱ्या गावात तेवढ्याने भागेलच असे नाही, हे आधीच समजून असावे. दुसरा शत्रू वीज जाणे. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवाच. तोही नसला, तर लंडनची ती मोलकरीण आठवा आणि तांब्या सोडून कोणतेही भांडे हाती घ्या. पेटीतले पाणी घ्यायचे, हातभर उंचीवरून परत सोडायचे. चार मुलांनी पाळ्या लावल्या तर मासे रात्र काढतात.

बाकी निगा थोडकी आहे. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घाला. दर पंधरवड्याला दहावा हिस्सा पाणी बदला. काढलेले पाणी झाडांना घालू नका, ते खारे आहे. आणि कंटाळा आला म्हणून मासा विहिरीत, खाडीत किंवा समुद्रात सोडू नका. हिंदी-प्रशांत महासागरातला सिंहमासा १९८५ साली फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळ दिसला. हौशी लोकांनी सोडलेल्या माशांतून तो आला असावा असे मानतात. आज साऱ्या कॅरिबियन समुद्रात तो तिथल्या लहान माशांचा फडशा पाडीत आहे.

शिक्षकांना शेवटी एक विनंती. पेटी मांडण्यापूर्वी दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत तिच्याजवळ कोण असेल, ते ठरवा. त्याचे नाव सांगता येत नसेल तर पेटी मांडू नका. मिठाच्या ताटलीचा प्रयोग पुरे. नाव सांगता येत असेल, तर पेटीशेजारी एक वही टांगा. तारीख, उष्णता, नळीचा आकडा, अमोनिया. मुलांनी रोज लिहावे. एखादे दिवशी मासा मेलाच, तर मुले रडतील, रडू द्या. मग वही उघडा आणि त्यांच्याकडूनच शोधून घ्या, पाणी कोणत्या दिवशी बिघडू लागले होते. एवढे ज्या मुलाला वाचता आले, ते मूल आपल्या गावच्या ओढ्याकडेही निराळ्या नजरेने पाहील.