केळकर दांपत्याचा संसार व संग्रह

पुणें-सोलापूर मार्गावरील मोडनिंबसारख्या गांवीं जुन्या घराच्या माळ्यावर पितळेची समई, सुपारीचा अडकित्ता अथवा पाय घांसावयाची वज्री सांपडली, तर घरधनी ती बहुधा मोडीच्या भावानें विकून मोकळा होतो. अशाच वस्तूंना ज्यांनीं आयुष्य वाहिलें, त्या पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकर व कमलाबाई केळकर ह्या दांपत्याची ही हकीकत आहे.

केळकरांचा जन्म १८९६ सालचा. व्यवसाय चष्म्यांचा, वृत्ति मात्र कवीची. ‘अज्ञातवासी’ ह्या नांवानें त्यांनीं काव्यरचना केली. सुमारें १९२० पासून त्यांना संग्रहाचा छंद जडला. तलवारी व राजमुद्रा जमविणारे पुष्कळ असतात; केळकरांची दृष्टि दिवे, दौती, पानपुडे, वाद्यें, कोरीव दरवाजे ह्यांवर गेली. रोजच्या वापराची वस्तु घडवितांना अनाम कारागिराने तिच्यावर मोर वा वेल कां काढावी, हा प्रश्न कवीलाच सुचावयाचा. कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे अवशेष आणून त्यांनीं तो महाल पुन्हां उभा केला.

त्यांचा पुत्र राजा बालपणींच निवर्तला. त्या दुःखांतून उभयतांनीं संग्रहालाच अपत्य मानिलें व त्यास राजाचें नांव दिलें. कमलाबाईंचा वांटा येथें विसरतां येत नाहीं. पाहुण्यांच्या आधीं वस्तूंना जागा द्यावयाची, हें गृहिणीच्या संमतीवांचून कोणत्या घरांत घडेल? शिवाय स्वयंपाकघरांतील उपकरणाचें मोल त्यास हात लाविणारीलाच अधिक कळतें.

हा संग्रह पुढें महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन करण्यांत आला. केळकर १९९० सालीं निवर्तले. शुक्रवार पेठेंतील राजा दिनकर केळकर संग्रहालयांत आज २०,००० हून अधिक वस्तु आहेत. पैकीं सुमारें २,५०० च मांडून दाखवितां येतात.

ग्रंथालयांतील पोथी स्वतःचें नांव सांगते; वस्तूला तें साधत नाहीं. ती कोणीं, कशासाठीं, कोणत्या सणाला वापरली, हें सांगणारी आजी गेली कीं समई केवळ पितळ उरते. सर्वांना संग्रहालय काढतां येणार नाहीं. परंतु माळ्यावरील वस्तु विकण्यापूर्वीं घरांतील वडील माणसास तिचें नांव व उपयोग विचारून वहींत टिपून ठेवणें कोणासहि अशक्य नाहीं. मोडीच्या तराजूंत वजन उतरतें, आठवण उतरत नाहीं.