मौलाना आझादांचे मौन
(मालवण येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



मौलाना आझादांचे नाव निघाले की आपल्यातील जुन्या मंडळींना डॉ. लोहियांनी रेखाटलेले एक चित्र आठवते. जून १९४७ मध्ये फाळणीस मान्यता देणाऱ्या काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठकीत मौलाना कोपऱ्यातील खुर्चीवर सिगारेटी ओढीत बसले होते. दोन दिवसांत एक अक्षर बोलले नाहीत. लोहिया तेथे निमंत्रित म्हणून हजर होते. तेव्हा ही साक्ष मोडीत काढता येणार नाही. पण तेवढ्यावर मौलानांचा हिशेब बंद करणे मला मान्य नाही.

१८८८ साली मक्केत जन्मलेल्या या विद्वानाचे सारे धर्मशिक्षण घरीच झाले. पोरवयातच ते उर्दू शायरी करू लागले. ‘आझाद’ हे कवी म्हणून घेतलेले नाव. १९१२ मध्ये त्यांनी कलकत्त्यास काढलेले ‘अल-हिलाल’ सर्वश्रुत आहे. त्यांच्या कुराणभाष्याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. ‘तर्जुमान-उल-कुरआन’मध्ये पहिल्याच अध्यायातील ‘रब्ब’ या शब्दापाशी ते दीर्घकाळ रेंगाळतात. रब्ब म्हणजे पालनपोषण करणारा, आणि तोही एका जमातीचा नव्हे, सकल विश्वाचा. म्हणून धर्माचे सार एक. आचार आणि कायदे तेवढे देशकालपरत्वे वेगळे. सर्वधर्मसमभाव त्यांनी काँग्रेसच्या ठरावांतून उसना घेतला नव्हता, तो त्यांना कुराणात सापडला होता. आपल्या कार्यकर्त्याला धर्मग्रंथ उघडण्याचाच कंटाळा! मग मोहल्ल्यात धर्माचा अर्थ सांगण्याचा मक्ता कोणाकडे जातो, हे मी सांगायला नको.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. सोबत नेहरू, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव. तेथे लिहिलेली, टपालात न पडलेली पत्रे म्हणजे ‘गुबारे-खातिर’. त्यांत चिनी चहाची रसिक चर्चा आहे, खोलीतल्या चिमण्यांशी मांडलेले भांडण आहे. आणि एप्रिल १९४३ मधील एक पत्र आहे. पत्नी जुलेखा कलकत्त्यास मरणपंथाला लागल्या होत्या. सरकारला काही विनंती करायची असल्यास पोचवतो, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचविले. मौलानांनी नकार दिला. पत्नीची भेट पुन्हा झाली नाही.

अशा माणसाचे जूनमधील मौन भित्रेपणाचे होते, असे मला वाटत नाही. फाळणी टाळण्यासाठी १९४६ च्या त्रिमंत्री योजनेवर त्यांनी सारी भिस्त ठेवली होती आणि ती योजना कोसळली होती. तरीही त्यांनी त्या दिवशी बोलावयास हवे होते, हा लोहियांचा आक्षेप उरतोच. या वादावर पुढच्या बैठकीत बोलू. मात्र मौलानांचे आत्मकथन आणि लोहियांचे त्यावरील पुस्तक, दोन्ही वाचून या.