दरबारात झाडू कोण मारतं?

अमर चित्रकथेचा बिरबल मी परवा पुन्हा वाचला. लहानपणी मिटक्या मारत वाचला होता. आता पोरासाठी आणला अन् साफ निराशा झाली. रंग झकास, दरबारातली फरशी आरशासारखी. पण ती झाडली कुणी? पानं उलटीपालटी केली, माझ्या हातातल्या अंकात झाडूवाला काही सापडला नाही.

अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त तो हाय. झाडूवाल्यांना ‘हलालखोर’ हे नाव खुद्द अकबरानं रूढ केलं, असं तो लिहितो. म्हंजे हक्काचं, कष्टाचं खाणारा. नाव गोड दिलं, हातातला झाडू तसाच! बादशहा, झाडूवाला अन् एक नवं नाव. केवढा प्रसंग होता हो! पण इथं शहाणा एकटा बिरबल, बाकी दरबारी मठ्ठ, अन् बादशहा हसतोय. हाच बिरबल १५८६ साली युसुफझाईंवरच्या मोहिमेत मारला गेला, सोबत हजारो शिपाई. त्यांचं नावगाव कोण विचारतो?

२०११ साली ‘भीमायन’ आलं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चितारींनी त्यात चौकटीच मोडल्या, गोंडी दिग्ना काढली. पोरानं ते दोनदा वाचलं. बिरबल तसाच पडलाय.