दाद न देणारे नैराश्य : धीर सोडण्यापूर्वी

(पंचायत समितीचे सदस्य, शिक्षक व तालुका पातळीवरील अधिकारी यांच्यासमोर एका मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



नैराश्य हा आजार आहे, मनाचा दुबळेपणा नव्हे, ही गोष्ट आता सभा-संमेलनांतून पुष्कळदा सांगितली जाते आणि आपण ती मान्यही करतो. परंतु या मान्यतेची खरी कसोटी लागते ती उपचार सुरू झाल्यानंतर. घरातील माणसाला दवाखान्यात नेले, औषध सुरू केले, दोन-तीन महिने लोटले आणि तरीही तो पूर्वीसारखाच भिंतीकडे पाहत बसून राहिला, म्हणजे घरच्यांचा धीर सुटू लागतो. ‘याला औषधच लागू पडत नाही,’ असे कोणी तरी म्हणते; आणि तेथून ‘याला बरे व्हायचेच नाही,’ येथवर जाण्यास वेळ लागत नाही. पहिले वाक्य तपासून पाहावे लागते. दुसरे वाक्य अन्यायाचे आहे. आज मला या दोन वाक्यांविषयीच बोलावयाचे आहे.

व्याख्येचा अर्थ

‘उपचारांना दाद न देणारे नैराश्य’ असा शब्दप्रयोग वैद्यकशास्त्रात रूढ आहे. प्रौढ रुग्णाला नैराश्यावरील किमान दोन औषधे, प्रत्येक पुरेशा मात्रेत व पुरेशा काळापर्यंत देऊनही समाधानकारक गुण आला नाही, तर सामान्यतः हे नाव देतात. यातील प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. एक औषध निष्फळ ठरले एवढ्याने हे नाव लागत नाही. मात्रा अपुरी असेल तरी लागत नाही. आणि काळ म्हणजे आठ-दहा दिवस नव्हेत. तापाची गोळी तासाभरात उतार देते. नैराश्यावरील औषधाचा गुण दिसू लागण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात आणि त्याची पुरती परीक्षा होण्यास सहा आठवडे, कधी त्याहूनही अधिक. तोंडाला कोरड, मळमळ, सुस्ती हे त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच जाणवतात. त्रास आधी आणि गुण मागाहून, असा हा उलटा क्रम असल्यामुळे अनेक रुग्ण नेमके गुण येण्याच्या सुमारास औषध सोडतात.

औषध हरले की अपुरे पडले?

समजा, पंचेचाळीस वर्षांचे एक शिक्षक आहेत. झोप उडाली आहे, अन्नावरची वासना गेली आहे, वर्गात उभे राहणे नकोसे झाले आहे. त्यांनी एका डॉक्टरांचे औषध पंधरा दिवस घेतले. ‘याची सवय लागते,’ असे शेजाऱ्याने सांगितल्यावरून ते बंद केले. पुढे दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडे तीन आठवडे, मग एका देवस्थानी पाच अमावास्या, मग पुन्हा जुन्याच चिठ्ठीवर दुकानातून आणलेल्या गोळ्या. वर्षाअखेर घरचे सांगतात, ‘ठिकठिकाणी दाखविले, काही उपयोग नाही.’ हिशेब मांडला तर उपचार चार झाले. पुरा एकही झाला नाही. हा आजार दाद न देणारा आहे की नाही, हे ठरविण्याची वेळच अद्याप आलेली नाही.

सवयीविषयीही स्पष्ट सांगितले पाहिजे. नैराश्यावरील औषधे म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत. दारूसारखी त्यांची तल्लफ येत नाही. मात्र ती एकाएकी बंद केली तर चक्कर, बेचैनी असा त्रास होऊ शकतो; म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावयाची असतात. आणि बरे वाटू लागल्यावरही सहसा किमान सहा महिने ती चालू ठेवावी लागतात.

औषध नियमित घेऊनही गुण येत नसेल, तर जाणता डॉक्टर मात्रा वाढविण्यापूर्वी आणखी काही गोष्टी तपासतो. थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावले असेल तर माणूस सुस्त व उदास होतो. रक्तक्षय आणि ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांनीही तीच लक्षणे उद्भवतात. स्टिरॉईडसारख्या काही औषधांनी मनःस्थिती बिघडू शकते. रोजची दारू ही तर नैराश्य वाढविणारी आणि औषधाला निष्प्रभ करणारी गोष्ट. काही रुग्णांना पूर्वी कधी तरी अतिउत्साहाचा, अखंड बडबडीचा, न झोपता वावरण्याचा काळ येऊन गेलेला असतो. तो घरच्यांनी सांगितला नाही तर मूळ आजारच वेगळा असल्याचे ध्यानात येत नाही. त्या आजाराचे उपचार निराळे आहेत. आणि कर्जाचा तगादा किंवा घरातील मारहाण चालूच असेल, तर केवळ गोळीकडून सर्व काही अपेक्षिणे बरोबर नाही. तेथे औषधाबरोबर परिस्थितीवरही उपाय करावा लागतो.

पुढच्या पायऱ्या

एवढी तपासणी होऊनही आजार हटत नाही, असे रुग्ण असतातच. त्यांच्यासाठी वैद्यकशास्त्राचे दार बंद झालेले नाही. अमेरिकेत सुमारे चार हजार रुग्णांवर झालेल्या ‘स्टार-डी’ नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या औषधाने पूर्ण बरे झालेल्यांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश होते. उरलेल्यांना दुसरे औषध दिले किंवा पहिल्याला जोड दिली, तेव्हा आणखी काही जण बरे झाले; तिसऱ्या व चौथ्या पायरीवर मात्र हे प्रमाण बरेच घटले. त्या वेळी सांगितला गेलेला एकूण यशाचा आकडा वाजवीपेक्षा मोठा होता, असे २०२३ मध्ये त्याच माहितीची फेरतपासणी करणाऱ्या संशोधकांनी प्रतिपादन केले. तेव्हा भाबडी आशा दाखविण्याचे कारण नाही. परंतु पहिल्या औषधाने गुण न येणे ही अपवादाची नव्हे, नेहमीची बाब आहे, एवढे यावरून निश्चित होते.

औषध बदलणे, दोन औषधे एकत्र देणे आणि लिथियमची जोड देणे हे उपाय बऱ्याच काळापासून वापरात आहेत. लिथियमचा मनोविकारांतील उपयोग ऑस्ट्रेलियाचे डॉ. जॉन केड यांनी १९४९ साली प्रथम मांडला. ते घेताना रक्तातील प्रमाण वेळोवेळी तपासावे लागते. याखेरीज संभाषणाद्वारे केले जाणारे मानसोपचार आहेत. डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंदने देण्याची पद्धत आणि भूल देण्याच्या औषधांतील केटामीन यांचाही उपयोग अलीकडे होऊ लागला आहे. केटामीनचेच एक रूप नाकातील फवाऱ्याच्या स्वरूपात अशाच नैराश्यासाठी अमेरिकेत २०१९ मध्ये संमत झाले. हे उपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावयाचे असतात.

विजेच्या उपचारांची भीती

‘शॉक’ हा शब्द उच्चारताच नातेवाईक रुग्णाला घरी परत नेतात. चित्रपटांनी रंगविलेले दृश्य आपल्या डोळ्यांपुढे असते. हा उपचार १९३८ साली रोम येथे चेर्लेत्ती व बिनी यांनी प्रथम वापरला आणि आरंभी तो भूल न देता केला जाई, हे खरे. आज रुग्णाला भूल व स्नायू सैल करणारे औषध देऊन काही सेकंदच विद्युतप्रवाह दिला जातो. आठवड्यातून दोन-तीन वेळा याप्रमाणे सामान्यतः सहा ते बारा वेळा तो करतात. भूल न देता हा उपचार करण्यास मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये मनाई आहे. रुग्णाने अन्नपाणी सोडले असेल किंवा जिवाला धोका असेल, अशा तीव्र नैराश्यात याच्याइतका परिणामकारक उपाय क्वचितच आहे. विस्मरणाचा त्रास होतो. तो बहुधा तात्पुरता असतो, तथापि काहींच्या काही आठवणी कायमच्या पुसल्या जातात. लाभ व हानी दोन्ही समजावून घेऊन रुग्णाने व कुटुंबाने निर्णय करावा. ऐकीव भीतीने करू नये.

गावाने काय करावे?

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली. तरीही बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने बारा राज्यांत केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की, दर वीस प्रौढांपैकी एकास आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्य जडते आणि नैराश्याच्या बहुसंख्य रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. मग उपचार पुरे होण्याची गोष्ट दूरच राहिली.

हे चित्र गावपातळीवर पालटू शकते, याचे पुरावे आपल्याजवळच आहेत. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प राबविण्यात आला. गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघरी जात. अठरा महिन्यांत नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी त्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. हे रुग्ण आपल्या आजच्या विषयातील चिवट आजाराचे नव्हते. पण वेळीच मिळालेला आधार आणि पाठपुरावा यांचे बळ यातून कळते.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पंचायत सदस्यांनी पाहावे की, गावातील रुग्णाची औषधाची खेप चुकत नाही. प्रवासखर्चापायी किंवा सोबतीला कोणी नाही म्हणून चुकलेली खेप ही उपचार मोडण्याची पहिली पायरी असते. जवळच्या आरोग्य केंद्रात औषध नसेल तर त्याविषयी लेखी विचारणा करणे हे आपले काम आहे. शिक्षकांनी रुग्णाच्या घरच्यांना एक वही करण्यास सांगावे : कोणते औषध, किती मात्रेत, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि का थांबविले. नव्या डॉक्टरांना ही एक वही दहा तपासण्यांइतकी उपयोगी पडते. अधिकाऱ्यांनी हाताखालील आजारी कर्मचाऱ्याच्या रजेकडे कामचुकारपणा म्हणून पाहू नये आणि त्याच्या आजाराची माहिती कचेरीत चर्चेस सोडू नये. गोपनीयता हा त्याचा कायदेशीर हक्क आहे.

रुग्ण जगणे नकोसे झाल्याचे बोलू लागला तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नये. त्याला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके कुलपात ठेवावीत आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. ‘टेलि-मानस’ ही केंद्र शासनाची विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलेला असावा.

मित्रहो, क्षयरोगाचे औषध अर्ध्यावर सोडू नये हे आपण गावोगाव पटवून दिले आणि रुग्णाने गोळी घेतली की नाही याची विचारपूस करण्याची पद्धत घालून दिली. तीच विचारपूस नैराश्याच्या रुग्णाच्या वाट्याला आली पाहिजे. आजार चिवट असेल, तर आपण त्याहून चिवट होऊ या. जे काम औषधाचे आहे ते औषध करील. ते पुरते होऊ देणे हे मात्र आपणा सर्वांचे काम आहे.