गोळीला काढ्याची ओळख हवी



पीसीओडीसाठी आलेल्या मुलीला मी विचारते, "आणखी कुठलं औषध चालू आहे का?" उत्तर बहुधा "नाही" असंच येतं. मग विचारते, "सकाळी अनशापोटी काय घेतेस?" तेव्हा शेजारी बसलेली आई सांगू लागते: भिजवलेल्या मेथ्या, दालचिनीचं पाणी, मावशीनं दिलेली शतावरी, वैद्यांचा कांचनार गुग्गुळ. घरातलं ते औषध कसलं, असं त्यांना वाटतं. शिवाय डॉक्टर रागावतील ही धास्ती असतेच. ही धास्ती जायला हवी.

या आजारात बहुतेकींच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. मग ते जास्त तयार होतं, आणि त्या जास्तीच्या इन्सुलिनमुळे बीजकोशात पुरुषी संप्रेरकं वाढतात. पाळी लांबते, हनुवटीवर राठ केस येतात. मेटफॉर्मिनची गोळी काम करते ती या इन्सुलिनवर. मेथी आणि दालचिनीही साखर थोडीफार उतरवतात, असं छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. आहारातली मेथी मेटफॉर्मिनसोबत सहसा त्रास देत नाही. मात्र मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळीही चालू असेल, तर साखर एकदम उतरून दरदरून घाम फुटू शकतो.

काढ्यातल्या ज्येष्ठमधाचं जरा सविस्तर सांगते. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम बाहेर जातं, रक्तदाब चढतो. चेहऱ्यावरच्या केसांसाठी आम्ही देतो ते स्पायरोनोलॅक्टोन नेमकं उलट करतं. 2007 मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी याच आजारात ही दोन्ही मुद्दाम एकत्र दिली, गोळीचे दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून. पण त्यांनी मात्रा मोजून दिली होती. आपल्याकडे चमचा अंदाजाने भरला जातो, आणि इकडे डॉक्टर रक्तदाब पाहून गोळी कमी-जास्त करत असतात, ज्येष्ठमधाचा पत्ताच नसताना.

दुसरी साखळी थकव्याची. मेटफॉर्मिन बराच काळ घेतलं की बी-12 कमी होऊ शकतं, शाकाहारी घरांत तर अधिकच. मुलगी दमते, कुणीतरी अश्वगंधा सुचवतं. अश्वगंधेनं थायरॉइडची संप्रेरकं वाढू शकतात, आणि पीसीओडीच्या कित्येक मुली थायरॉइडची गोळी घेत असतात. छातीत धडधड सुरू होते, झोप उडते. खरी उणीव बी-12ची, ती तशीच राहते. आधी रक्त तपासायचं, हा साधा क्रम आहे. लेबल नसलेल्या पुडीतलं चूर्ण मात्र अजिबात नको, कुणीही दिलेलं असो.

वैद्य आणि डॉक्टर दोघांकडे जायला माझी हरकत नाही. दोघांनाही एकच यादी दाखवा, नावं आणि मात्रा लिहून. पाळी येत नाही म्हणून नुसत्या काढ्यावर महिनोन्‌महिने काढू नका. तीन महिने पाळी आली नाही तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, त्याची तपासणी हवी.

आणि नवविवाहितांनो, पाळी अनियमित असली तरी दिवस राहू शकतात. मेटफॉर्मिननं बीज सुटू लागलं की शक्यता वाढतेच. स्पायरोनोलॅक्टोन गर्भाला घातक ठरू शकतं, काढ्याचूर्णातली दारुहळदही गरोदरपणात टाळायची. म्हणून मूल हवं असं ठरवाल, तेव्हा प्रयत्न सुरू करण्याआधी सगळ्या डब्या पिशवीत भरून दवाखान्यात या.