जीवदयेची शुश्रूषा : एका जखमी कोंबडीच्या निमित्ताने



यशोधर राजाची कथा जैन समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ साली पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलक’ या चंपूकाव्याचा तोच विषय आहे. आईच्या आग्रहाखातर राजाने देवीपुढे पिठाचा कोंबडा कापला. रक्ताचा थेंबही सांडला नाही. तरी वधाचा भाव मनात आला, म्हणून मायलेकांना अनेक तिर्यंच योनींतून फिरावे लागले आणि अखेरच्या तिर्यंच जन्मी ती कोंबडा व कोंबडी झाली. हिंसा भावातून उपजते, हे या कथेचे सार होय. या सिद्धांताची दुसरी बाजू मात्र क्वचितच ध्यानात येते. केवळ भावाने जखम भरून येत नाही. करुणेला ज्ञानाची जोड लागते.

शेजारच्या वस्तीत दुपारी मुंगूस खुराड्यात शिरते, रात्री रानमांजर किंवा कुत्रा येतो. वाचलेली कोंबडी रक्तबंबाळ होऊन एखाद्या श्रावकाच्या अंगणात येऊन पडते. पाहणारा हळहळतो, णमोकार मंत्र ऐकवतो. ते योग्यच आहे. पण त्याच वेळी हातांनीही काही करावे लागते.

प्रथम तिला इतर कोंबड्यांपासून वेगळे करावे, कारण लाल जखम दिसताच त्या टोचू लागतात. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाची घडी जखमेवर काही मिनिटे न उचलता दाबून धरावी. कापड जुने, धुतलेले, सुती असावे. टॉवेलच्या फासांत नखे अडकतात. मग खोक्यात मऊ कापड अंथरून तिला उबदार, अंधाऱ्या व शांत जागी ठेवावे. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सियस असते. धक्क्याने ते उतरले की जखमेपेक्षा थंडीच जीव घेते. मुलांची गर्दी होऊ देऊ नये. भक्ष्य होणारा प्राणी आपली दुर्बलता लपवतो. ती गप्प बसली म्हणजे बरी झाली, असे समजू नये.

पाणी उथळ वाटीत पुढे ठेवावे. चोचीत बळेच ओतू नये. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असल्याने ते फुप्फुसात जाते. पक्ष्याला माणसासारखे श्वासपटल नसते; छाती हलली तरच त्याचा श्वास चालतो. म्हणून त्याला घट्ट आवळून धरू नये, छातीभोवती करकचून पट्टीही बांधू नये.

ती सावरल्यावर जखमेभोवतीची पिसे उपटू नयेत, कात्रीने कापावीत. उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवून त्याने जखम धुवावी. नंतर पोव्हिडोन आयोडीन पातळ करून लावावे. धुण्यापूर्वी हळद भरली तर खाली घाण तशीच राहते. पिसांखाली दातांची बारीक छिद्रे शोधावीत. मांजरीच्या तोंडातील पाश्चुरेला जिवाणू त्यांतून आत जातात, म्हणून वरून किरकोळ दिसणाऱ्या चाव्यालाही पशुवैद्याकडून प्रतिजैविक लागते. माशा बसू देऊ नयेत; अळ्या फार लवकर पडतात. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. डायक्लोफेनॅकमुळे गिधाडांचा संहार झाला आणि २००६ साली भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, हे स्मरणात ठेवावे. शेवटी हात साबणाने धुवावेत. जखम नसताना अनेक पक्षी एकदम मरू लागले, तर स्पर्श न करता पशुसंवर्धन विभागाला कळवावे. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लूने काय घडवले, ते महाराष्ट्राने पाहिले आहे.

येथे समाजात एक प्रश्न नेहमी उपस्थित होतो. बरी झालेली कोंबडी मालकाकडे जाणार आणि उद्या सुरीखाली येणार. मग हा खटाटोप कशासाठी? दिल्लीच्या लाल मंदिराच्या आवारातील पक्षी रुग्णालयाने आपल्यापुरते याचे उत्तर शोधले आहे. तेथे उपचार विनामूल्य होतात आणि बरा झालेला पक्षी पुन्हा पिंजऱ्यात न देता मुक्त केला जातो. मांसाहारी पक्ष्यांवरही उपचार होतात, मात्र त्यांना इतरांसमवेत ठेवले जात नाही. परंतु कोंबडी आकाशात सोडता येत नाही, आणि ज्या गरीब घराची ती आहे त्या घराचा तोच मीठ-मिरचीचा आधार असतो. ती दडवून ठेवणे अचौर्यव्रतात बसत नाही. मालकाला विनंती करता येते, योग्य मोबदला देऊन तिला अभयदान देता येते. तो नाही म्हणाला, तरी आज तिला होणारी वेदना खोटी ठरत नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात मैत्री, प्रमोद, कारुण्य व माध्यस्थ्य या चार भावना सांगितल्या आहेत. जखमी जीवाप्रति कारुण्य. मुंगुसाप्रति आणि न ऐकणाऱ्या मालकाप्रति माध्यस्थ्य. मुंगूस द्वेषाने मारत नाही, भुकेने मारते. त्याला सापळा लावण्यापेक्षा खुराड्याला बारीक जाळी व पक्की कडी करून देणे, हीच दोन्ही जीवांची दया होय.

संस्थेने पन्नास वर्षांत धर्मशाळा, पाठशाळा, पाणपोई यांचा विचार केला. सुवर्णमहोत्सवी वर्षात त्यात एका छोट्या पेटीची भर पडावी : सुती कापड, कात्री, मीठ, आयोडीन, आणि झाकणावर जवळच्या पशुवैद्याचा क्रमांक. प्रत्येक गल्लीतील दोन तरुणांनी तिचा वापर शिकून घ्यावा. खर्च अल्प आहे. पुढच्या वेळी अंगणात एखादा जीव येऊन पडेल, तेव्हा त्याला हळहळीबरोबर उपचारही मिळेल.

जय जिनेंद्र.