भाताची माती आणि शाळेची परसबाग



पालघर तालुक्यातील भातखाचरांलगत वसलेल्या शाळांच्या परसबागेची हकीकत पुष्कळदा सारखीच असते. जूनमध्ये मुले उत्साहाने वाफे करतात, वांगी-मिरचीची रोपे लावतात. जुलैच्या सरींत वाफ्यांत पाणी साचते, रोपे पिवळी पडून माना टाकतात. पुढे उन्हाळ्यात त्याच जागी भेगा पडतात आणि कुदळीने ढेकूळ फुटत नाही. मग 'आमची मातीच वाईट' असे मुले म्हणू लागतात. बागेची हानी एका हंगामाची असते; परंतु ज्या मातीवर आईबाप जगतात, तिच्याविषयी मुलाच्या मनात बसलेली अढी सहज निघत नाही.

वस्तुतः तीच माती शेजारच्या खाचरात उत्तम भात देते. मग भाजीलाच ती का मानवत नाही?

चिकण मातीचा कण ०.००२ मिलिमीटरहूनही लहान असतो. अशा कणांमधील पोकळ्या इतक्या सूक्ष्म असतात की पाणी लवकर निथळत नाही व हवा आत शिरत नाही. त्यातच शेतकरी आवणीपूर्वी चिखलणी करतो. खाचरात पाणी उभे राहावे म्हणून तो मातीची घडण मुद्दाम मोडतो. भाताच्या खोडात व मुळांत हवा वाहून नेणाऱ्या पोकळ्या असतात, म्हणून पाण्यात उभा राहूनही तो वाढतो. वांग्याला व मिरचीला ती सोय नाही. त्यांची मुळे गुदमरतात. दोष मातीचा नाही. भाताला जे हवे, नेमके तेच भाजीला नको असते. बोईसरच्या परिसरात जुन्या खाचरांवर भराव घालून घरे उभी राहिली आहेत, तेथील अंगणांतही वरच्या मुरुमाखाली अशीच माती असू शकते.

प्रथम मुलांकडून मातीची पारख करून घ्यावी. काचेच्या बाटलीत एकतृतीयांश माती घालून ती पाण्याने भरावी, जोराने हलवावी व स्थिर ठेवावी. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळ काही तासांत. चिकण मातीला मात्र एक-दोन दिवस लागतात. थरांची जाडी मुलांनी पट्टीने मोजून वहीत नोंदवावी. हा विज्ञानाचा पाठ झाला आणि गणिताचाही.

सुधारणेची पहिली पायरी म्हणजे वाफसा ओळखणे. मूठभर माती दाबून गोळा करावा व कमरेइतक्या उंचीवरून टाकावा. तो फुटून भुगा झाला तर खणावे. चपटा होऊन चिकटला तर थांबावे. ओल्या चिकण मातीत एक दिवस कुदळ चालवली व पाय तुडवले, तर वर्षाची मेहनत वाया जाते.

दुसरी पायरी गादीवाफ्याची. येथे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्या पाण्याला वाट हवी. वाफा एक मीटर रुंद व वीतभर उंच करावा, दोन्ही बाजूंस चर ठेवून तो उताराकडे काढावा. मुलांनी चरातूनच चालावे, वाफ्यावर पाय देऊ नये.

तिसरी पायरी खताची, आणि तीच खरी. भातपेंढा, पालापाचोळा, शेण, भाजीची देठे हे सारे थरांनी रचून कुजवावे. इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड यांनी हिंदी शेतकऱ्यांच्या परंपरेचा आधार घेऊन अशा खताची पद्धत सिद्ध केली. ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. चांगले कुजलेले खत दोन-तीन बोटे जाडीने पसरून वरच्या थरात मिसळावे. बुरशी, जिवाणू व गांडुळे यांच्यामुळे कण एकमेकांस चिकटून माती रवाळ होते. कच्चा पेंढा मात्र पुरू नये. तो कुजताना पिकाच्या वाट्याचा नत्र ओढून घेतो. तो वरून आच्छादनास वापरावा. उष्ण हवेत खत लवकर सरते, म्हणून हे काम दरवर्षी करावयाचे आहे. पडीक वाफ्यात ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याच्या वेळी गाडावा.

वाळू मिसळण्याचा मोह टाळावा. थोडी वाळू चिकण मातीत मिसळली तर माती अधिकच घट्ट बसते. शिवाय किनाऱ्याच्या वाळूत मीठ असते. कारखान्यांकडील राख किंवा नाल्याचा गाळही परसबागेत आणू नये, कारण तेथील भाजी मुलांच्या पोटात जावयाची आहे.

तारापूर, चिंचणी, सातपाटी येथे खाडीलगतच्या जमिनीत उन्हाळ्यात पांढरा थर दिसला, तर तो क्षार होय. उंच वाफा व आच्छादन यांनी पावसाच्या पाण्याबरोबर पुष्कळ क्षार निघून जातो. जिप्सम मात्र माती तपासल्यावाचून घालू नये. कोसबाडच्या कृषि विज्ञान केंद्रात याविषयी विचारणा करता येईल.

त्याच कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९५७ साली बोर्डीहून आपले ग्राम बाल शिक्षा केंद्र आणले, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. मूल जेथे आहे तेथून शिक्षण सुरू व्हावे, हा त्यामागील विचार. खाचरातील माती हीही तशीच जागा होय. शाळेने यंदा दोनच वाफे करावेत: एक जुन्या रीतीचा, दुसरा सुधारलेला. दोन्हींत एकच भाजी लावून मुलांनी नोंद ठेवावी. वर्षअखेरीस 'माती वाईट' हे शब्द ती स्वतःच खोडतील.